उष्ट्यांची वही

१

“तिनं हिच्या हातचं खाल्लं, तर हिला इथंच ठेवून घेऊ. धाकट्याला जाऊ दे पुढं एकट्याला.”

हे सासूबाईंचं बोलणं सासऱ्यांसाठी होतं. पण सूनबाई त्या वेळी नमुन्यांच्या खोलीत, कपाटामागे उकिडवी बसून, सांडलेली कागदी पाकिटं नंबराप्रमाणे लावत होती. लग्नाला एकोणीस दिवस झाले होते, आणि तेवढ्यात ती एक गोष्ट पक्की शिकली होती. नव्या सुनेनं पावलं वाजवत खोलीत शिरावं, म्हणजे माणसं वेळेवर विषय बदलतात. न वाजवता शिरली, तर घर लवकर कळतं. आज तर ती आधीपासूनच आत होती. पावलं वाजवायची सोयच नव्हती.

“आणि नाही खाल्लं तर?” सासऱ्यांनी विचारलं.

“न खायला काय धाड भरलीय? पोरगी शांत आहे, हात हलका आहे, उगाच मान वर करून बघत नाही. मी लग्नाआधीच पारखलीय.”

भोपळा पारखावा तसं, सूनबाईच्या मनात आलं. एरवी ती स्वतःशी हसली असती. पण शुक्रवारी धाकटा, म्हणजे तिचा नवरा, आठ तासांवरच्या गावी पुलाच्या कामावर रुजू होणार होता. तिथं दोन खोल्या मिळाल्या होत्या. एका खिडकीतून नदी दिसते म्हणे. शेगडी कुठं ठेवायची, दोरी कुठून कुठं बांधायची, हे तिनं न बघितलेल्या त्या खोल्यांमध्ये केव्हाच ठरवून टाकलं होतं. ट्रंक भरून दाराशी आली होती.

आणि इथं आज रविवारी तिला ‘ठेवून घ्यायचं’ चाललं होतं. तेही कुणाच्या तरी खाण्यावर.

सासूबाई गुडघा धरत, एकेक पाऊल मोजत बाहेर गेल्या. पाकिटं लावून संपली तरी सूनबाई बराच वेळ कपाटामागेच बसून राहिली.

२

गावात सासऱ्यांना ‘खारवाले’ म्हणत आणि ते चिडत. “खार नव्हे हो! खार काय, कुणाच्याही कुंपणावर बागडते.” त्यांचा प्राणी मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा, कुरतडणाऱ्यांच्या जातीतला होता. एकदा उंच झाड धरलं की तो जन्मभर जमिनीला पाय लावत नसे. त्याचं शास्त्रातलं नाव उच्चारताना दात हलतात म्हणून घरात सगळे नुसतं ‘शेंड्यावरची’ म्हणत.

तीस वर्षं सासरे तिच्या राहण्याची आणि खाण्याची नोंद ठेवत होते. तेवढ्या काळात त्यांनी ती दोनदा पाहिली होती, आणि दोन्ही वेळा तो आपला निष्काळजीपणा होता, असं ते मान खाली घालून सांगत. न बघणं हाच कामाचा पहिला नियम होता. ज्या झाडांना ढोली नव्हत्या त्यांना लाकडी पेट्या टांगलेल्या, प्रत्येक पेटीखाली जाळीची परडी. सकाळी वर न बघता परडीत पडलेलं गोळा करायचं: टरफलं, बियांची सालं, सोललेल्या कोवळ्या फांद्या. पाकिटात भरायचं, वाळवायचं, निवडायचं, वजन करायचं, दातांच्या खाचा मोजायच्या.

“आपण तिला बघायचं नाही, सूनबाई. तिचं उष्टं बघायचं. उष्टं खोटं बोलत नाही.”

शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात. या घरात शितावरून भात खाणाऱ्याची परीक्षा होत असे.

सासरे शिकवायचे मात्र जीव लावून. भिंगाखाली कवच धरून ते सांगत, “ही बघ खाचांची जोडी. पुढचे दोन दात. रुंदी पावणेदोन मिलिमीटर, पिल्लाची असो नाहीतर आजीची.” किंवा, “ढोलीचं तोंड तिच्या डोक्याएवढंच लागतं. दोराभरही मोठं नको. लहान असेल तर कुरतडून बेताचं करते.” एकदा त्यांनी तिच्या हातात एकच खाच असलेली, न फोडलेली बी ठेवली. “ही तिनं नुसती चाखली. आधी दात टेकवून बघते. आतून पोकळ लागली की टाकून देते, ती परडीत येते. भरलेली असेल तर—”

“खाते,” सूनबाई म्हणाली.

“लगेच नाही. घाई नसते तिला. ठेवून देते.”

दुसरा नियम पेट्यांमध्ये रोज ठेवायच्या खाद्याचा होता. एखाद्या पेटीचं खाद्य न खाता परत आलं की दुसऱ्या दिवशी अर्धं ठेवायचं, तिसऱ्या दिवशी पाव. तीन दिवस ओळीनं तसंच आलं, की पेटी रिकामी समजून वहीत तिच्यापुढे ‘बंद’ लिहायचं. पुन्हा तिकडं फिरकायचं नाही.

मागच्या जंगलाची तोड सुरू झाल्यापासून एकतीसच्या एकतीस पेट्या बंद झाल्या होत्या. परसातून आता बुंधे दिसत आणि बुंध्यांपलीकडे रस्ता. तरीही सासरे रोज सकाळी सात वाजता टेबलाशी बसून, शाईचं पेन झटकून, वहीत एक ओळ लिहीत. त्या ओळीला नंबर होता बत्तीस.

बत्तीस नंबर घरातच होता, वरच्या मजल्यावर.

३

“ताई आहे वर,” धाकट्यानं लग्नाआधी सांगितलं होतं. “तिला माणसांत यायला नाही आवडत.” सूनबाईला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. तिच्याही माहेरी एक काका होते, पाहुणे आले की मोरीत जाऊन बसत.

इथं आल्यावर कळलं ते असं. ताई सासऱ्यांचा उजवा हात होती. पेट्या तीच टांगायची, शिडीशिवाय, दोरीशिवाय. जिन्याजवळच्या फोटोत ती एका उंच फांदीवर बसली होती, मनगटावर बापाचं जुनं मोठ्या तबकडीचं घड्याळ, आणि नजर फोटो काढणाऱ्याकडे नाही, वर. सहा वर्षांपूर्वी पहिलं झाड पडलं त्या दुपारी ती वरच्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली. ती आजतागायत निघाली नव्हती.

“सहा वर्षं कुणी बघितलंच नाही त्यांना?” सूनबाईनं विचारलं होतं.

“बघितलं की खात नाही ती,” सासूबाई म्हणाल्या. जणू एवढ्यानं सगळं सांगून झालं. “मी काय, रोज ताटली ठेवते. सकाळी उष्टं येतं. पोर माझी व्यवस्थित आहे.”

ताटली दाराशी ठेवत नसत. सुरुवातीला ठेवत, पण जमिनीवरचं ती खाईना. मग सासऱ्यांनी दारावरच्या झरोक्याची काच काढून तिथं एक फळी ठोकली. पाच पायऱ्यांची घडीची शिडी लावायची, मान खाली ठेवून ताटली वर सारायची, आणि उतरायचं. आता सासूबाईंच्या गुडघ्याला डॉक्टरांनी शिडी बंद केली होती. सासरे झाडावरून पडल्यापासून स्टुलावरही चढत नव्हते. धाकट्याच्या हातचं ताई खात नसे, कारण लहानपणीच्या सवयीनं त्यानं एकदा वाकून बघितलं होतं. काय दिसलं, विचारल्यावर तो म्हणाला, “अंधार,” आणि बूट शोधायला लागला. बूट पायातच होते.

रविवारी संध्याकाळी सासूबाईंनी ताटली सूनबाईच्या हातात दिली. पावाचे दोन तुकडे, उकडलेलं अंडं, सफरचंद, सहा अख्खे अक्रोड. “फोडून नको देऊ. तिला आवडतं फोडायला.”

वरची बोळकंडी लांब होती. दोन्ही बाजूंना नमुन्यांचे खण, त्यावर नंबर, नंबरांवर धूळ. टोकाला ते दार, आणि दाराच्या फटीतून येणारा वास. सूनबाईनं कोंडलेल्या माणसाच्या वासाची तयारी ठेवली होती. हा तसा नव्हता. वाळलेली पानं, साल, थोडी ओल. चांगला वास होता. त्याचीच तिला भीती वाटली.

तिनं शिडी लावली, मान खाली घातली, ताटली सारली. फळीची कड बोटांना लागली. गुळगुळीत, गोलसर, जिन्याचा कठडा वर्षानुवर्षांच्या हातांनी होतो तशी. पण इथं रोज एकच हात लागत होता आणि तोही ताटलीला.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “मी नवी आहे.”

आत काहीतरी थांबलं. म्हणजे, काहीतरी चालू होतं हे तिला ते थांबल्यावर कळलं.

४

दुसऱ्या कुणी सून असती तर ती त्या रात्री नवऱ्याशी भांडली असती. सूनबाईनं वही वाचली. सासरे फिरायला गेले होते, आणि वही काही कुलपात नव्हती. या घरात चोरून वाचण्यासारखं कुणी काही लिहीतच नसे, असा सगळ्यांचा समज होता.

बत्तीस नंबरची पानं सहा वर्षांची होती. पहिल्या वर्षी: पाव संपला, अंडं संपलं, अक्रोड तसेच परत. सफरचंदावर खाचा, रुंदी साडेआठ. सूनबाईनं खणातला, खाचा मोजायचा व्हर्नियर घेऊन आरशासमोर आपला पुढचा दात मोजला. साडेआठ. ठीक. माणूस.

दुसऱ्या वर्षी खाचा सात. अक्रोड फोडलेले. तिसऱ्या वर्षी सहा. पाव परत, साल मागितली— ‘मागितली’ म्हणजे दाराची आतली चौकट सोललेली आवाजावरून कळली, म्हणून ताटलीत कोवळी फांदी ठेवली, ती संपली. पाचव्या वर्षापासून चार. सासऱ्यांच्या सुबक अक्षरात कुठं खाडाखोड नव्हती, कुठं प्रश्नचिन्ह नव्हतं. मुलीचे दात अरुंद होत गेल्याची नोंद त्यांनी मुलीची उंची भिंतीवर मांडावी तशी मांडली होती.

आणि गेल्या सात महिन्यांपासून रोज दोन आकडे होते. मोठ्या खाचा: चार. लहान खाचा: पावणेदोन.

सूनबाई बसल्या जागी हसली, इतकं तिला हायसं वाटलं. पावणेदोन! म्हणजे शेंड्यावरचीच. जंगल गेल्यावर शेवटची जोडी कुठं जाणार? घराच्या माळ्यावर. आणि तीस वर्षं जिच्यासाठी जन्म घालवला तीच डोक्यावर येऊन बसली, हे मान वर न करण्याच्या नियमामुळं सासऱ्यांना कळलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात, इथं तर कळसा माळ्यावर होता. ताई केव्हाच खिडकीतून निघून गेल्या असणार, आपलं आयुष्य काढायला, कुठंतरी. ताटली खात होता तो प्राणी.

चारच्या खाचांचं काय करायचं, ते तिनं ठरवलं नाही. वही मिटून जागेवर ठेवली.

५

“मलाही तेच वाटतं,” धाकटा म्हणाला. पहाटे तो जागाच होता आणि तिनं त्याला वहीतलं सगळं सांगितलं होतं. “ताई त्याच वर्षी गेली. मागच्या खिडकीला तेव्हा झाड लागून होतं. आता ते झाडही नाही.”

“मग आईंना सांगत का नाही?”

“तू सांग. मी सांगून बघितलंय. आई म्हणते, मग उष्टं कुणाचं?” तो कोपरावर उठला. “ऐक. बाबांचं मन वळत नाही, पण नियम पाळतात. तीन दिवस न खाता परत आलं, की ते स्वतःच्या हातानं ‘बंद’ लिहितील. आई रडेल. रडू दे एकदाची. मग दोघं आपल्याबरोबर येतील. हे घर सुटेल, आणि तूही सुटशील.”

“म्हणजे मी खोटं बोलायचं.”

“तीनदाच. ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. लग्नात तर एकदा ‘हो’ म्हणायलाही तुला किती वेळ लागला होता!”

“विचार करत होते.”

“काय?”

“की या माणसाला घोरायची सवय आहे का.”

तो हसला, पण ती बघत होती ती त्याच्या हाताकडे. हात चादरीची कड चुरगाळत होता. धाकट्याला घाबरलेलं तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याच्यावर तिची माया बसली तीही तेव्हाच. एकोणीस दिवस ती नुसती ओळख होती.

सोमवारी सहाला, घर उठायच्या आधी, तिनं शिडीवरून ताटली उतरवली. ताटली चाटून पुसून लख्ख. अक्रोडांची सहा कवचं, प्रत्येकाला एकाच जागी भोक. तिनं उष्टं फडक्यात बांधून ट्रंकेत टाकलं आणि धाकट्यानं स्वयंपाकघरातून गुपचूप आणलेलं पाव-अंडं-सफरचंद मांडलं, वर अक्रोड. लोक म्हणतात, नवरा-बायकोचं पहिलं गुपित गोड असतं. यांचं उकडलेलं अंडं होतं.

सात वाजता सासऱ्यांनी पेन झटकलं. “खाल्लं?”

“नाही.”

सासूबाईंच्या हातातली किटली टेबलावर जरा जोरात टेकली. “एकही नाही? अक्रोडसुद्धा?”

“नाही, आई.”

“तू वर बघितलंस.”

“नाही बघितलं.”

“मग हातात काहीतरी खोट असेल,” सासूबाई म्हणाल्या. हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर बरं होतं. त्या विचार करून म्हणाल्या.

सासऱ्यांनी ओळ पूर्ण केली. “आज अर्धं,” ते म्हणाले.

६

मंगळवारी सकाळी ताटलीत काही नव्हतं. टरफल नाही, देठ नाही, सफरचंदाच्या बियाही नाहीत. आणि लाकडी ताटलीची एक कड चंद्रकोरीसारखी खाल्लेली होती. खाचा ताज्या, पांढऱ्या. मोठ्या आणि लहान, एकमेकींना चिकटून, एकाच ताटात दोघं जेवायला बसावीत तशा.

तिनं कालच्यासारखंच वर नवं खाणं मांडलं आणि ती कड फडक्यानं झाकली. “नाही,” ती म्हणाली. पहिल्या ‘नाही’पेक्षा हे सोपं गेलं, याचंच तिला वाईट वाटलं.

“आज पाव,” सासरे म्हणाले. त्यांचं पेन जरा अडखळलं. कागद फाटेल की काय, असं टोक दाबून ते म्हणाले, “नियम तो नियम. एकतीस वेळा पाळलाय.”

दिवसभर सासूबाईंनी एक पेटी उघडून ताईचे सहा वर्षांपूर्वीचे कपडे इस्त्री केले, घड्या घातल्या, घड्या मोडल्या, पुन्हा इस्त्री केले. दुपारी सूनबाई मदतीला गेली तर म्हणाल्या, “तुला काय गं. तुला जायचंय.” मग थोड्या वेळानं, त्याच सुरात, “लहानपणी भूक लागली की ही रडायची नाही. पलंगाची कड चावायची. आम्हाला सकाळी खुणा दिसायच्या, तेव्हा कळायचं, की रात्री पोर उपाशी झोपली.”

सूनबाई बाहेर आली. प्राणी आहे, ती स्वतःला म्हणाली. दोन दिवस उपास घडला तर आपली वाट शोधेल. रस्त्यापलीकडे अजून झाडं आहेत. तिनं हे तीन-चार वेळा म्हटलं. पटवून देणारी आणि पटवून घेणारी एकच असली की वाद लवकर मिटतो.

दुपारी तीनच्या सुमारास ती आपल्या खोलीत पडली. या खोलीच्या बरोबर वर ताईची खोली. घर शांत होतं. बाहेर कुठंतरी कुणी गालिचा झटकत होतं. आणि छतातून तो आवाज आला. ‘कुरतडणं’ म्हटलं की जो चोरटा आवाज आठवतो, तसा तो नव्हता. सावकाश होता, कामाचा. चार-पाच वेळा, मग थांबणं. थांबण्यात ऐकणं होतं. मग पुन्हा.

ती मोजू लागली. या घरात राहून दुसरं काय करणार. पाच, थांबणं. पाच, थांबणं. आणि त्या थांबण्यात, अगदी बारीक, दुसरा आवाज, भरभर, हलका, मोठ्याची नक्कल करणाऱ्या लहानासारखा चुकतमाकत.

गालावर काही पडलं. तिनं बोटानं टिपलं. लाकडाचा भुसा, पिठासारखा मऊ.

ती पलंगावरून उठली नाही. तिला वाटलं, उठलं तर फळी करकरेल, आणि वरच्यांना कळेल की खाली कुणीतरी आहे. मग तिला वाटलं, की त्यांना ते केव्हापासून माहीत असणार.

७

बुधवारी सकाळी फळीवर ताटली नव्हती.

आदल्या संध्याकाळी तिनं ठेवलेली होती: पावाचा कोपरा, सफरचंदाची एक फोड, एकच अक्रोड. आता फळी रिकामी. सूनबाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर मान खाली घालून उभी राहिली. खाली भांड्यांचे आवाज येत होते. सासूबाई चहा ठेवत होत्या. सात वाजायला दहा मिनिटं होती. ताटलीशिवाय खाली गेलं तर ‘नाही’ म्हणता येणार नव्हतं. जे खाल्लं नाही ते परत आणावं लागतं.

ती चौथी पायरी चढली. फळीवरून हात आत घातला, चाचपला. लाकूड, पानं, पानं. पाचवी पायरी चढली. आणि मान वर केली.

मागच्या खिडकीला आतून काहीतरी ठासून भरलेलं होतं. त्याच्या फटींतून सकाळचा उजेड सुयांसारखा येत होता. जमीन रिकामी होती. पलंग, खुर्ची, टेबल काही नाही, नुसते पाय उरलेले, टोकं निमुळती केलेले. सहा वर्षं त्या जमिनीवर कुणी चाललं नव्हतं. धुळीची साय कुठंही मोडलेली नव्हती, फक्त वरून पडलेला भुसा फळ्यांच्या फटींत साठला होता. जे होतं ते वर होतं. झरोक्याला लागूनच, छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात, कापडाच्या चिंध्या, कागद, साल, पानं, आणि काळे लांब केस, सगळं एकमेकांत विणून केलेला एक गोळा, कपाटाएवढा. त्याला एक तोंड होतं. गोल, कडा गुळगुळीत. सूनबाईच्या डोळ्यांनी आपोआप ते मोजलं. माणसाच्या डोक्याएवढं. दोराभरही मोठं नाही.

तोंडातून एक हात बाहेर आला.

हात बाईचा होता. बोटं बोटांसारखी होती. मनगटावर घड्याळाचा पट्टा मांसात रुतलेला, मोठी तबकडी, काटे थांबलेले. तो हात भिंतीवरून घसरत आला, त्यात ताटली होती, आणि त्यानं ती फळीवर ठेवून हळूच तिच्याकडे सारली. पाहुण्याकडे सारावी तशी. ताटलीत पावाचा कोपरा तसाच होता. सफरचंदाची फोड संपलेली. अक्रोड नव्हता.

ताई, सूनबाईनं म्हणायचं ठरवलं. तिच्या अंगातला ताण सैल झाला, डोळे भरून आले. बाई आहे. वेडी असेल, आजारी असेल, बाई आहे. डॉक्टर आणता येईल. दार तोडता येईल. तिनं ताटलीकडे हात नेला.

मोठ्या हाताच्या खालून, त्याच तोंडातून, दुसरा हात आला.

तो एवढासा होता. तान्ह्या मुलाचा असतो तेवढा. कधी ऊन न लागलेला, शिजलेल्या भातासारखा पांढरा. त्यानं तिचं मधलं बोट धरलं. लहान मुलं धरतात तसं, मुठीत, घट्ट, कुणाचंही. त्या पकडीत काही वाईट नव्हतं. सूनबाईचं मन, त्या क्षणीसुद्धा, मुकाट्यानं हिशेब करत होतं: कडी आतून, सहा वर्षं, सात महिने.

त्यानं बोट ओढलं. तोंडाशी नेलं. काळोखात तिला काही दिसलं नाही, आणि दिसलं नाही हे तिनं पुढं स्वतःला फार वेळा सांगितलं. नखावर काहीतरी टेकलं. दोन टोकं, अगदी हलकी. थांबली. वरून मोठ्या हाताची बोटं भिंतीवर शांतपणे पसरलेली होती, शिकवणाऱ्याची असतात तशी.

मग मुठीनं बोट सोडलं. झिडकारून नाही. सांभाळून, हलकेच, ठेवून दिल्यासारखं.

८

टेबलाशी तिघं बसले होते. सासऱ्यांसमोर वही उघडी, पेनाचं टोपण काढलेलं. बत्तीस नंबरच्या ओळीपुढची जागा रिकामी होती आणि त्यांनी ‘बंद’ लिहायला लागतं तेवढी ती हातानं मापून ठेवलेली दिसत होती. सासूबाईंच्या मांडीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. धाकट्यानं बाहेर जायचे कपडे घातले होते; त्याची ट्रंक आणि तिची ट्रंक एकीवर एक, दाराशी. तो तिच्याकडे बघत होता. त्यानं मान अगदी थोडी हलवली. नाही म्हण. एवढंच. शेवटचं.

सूनबाईनं ताटली टेबलावर ठेवली. फ्रॉकच्या खिशात हात लपवणाऱ्या मुलीसारखा तिनं दुसरा हात पदराच्या टोकात गुंडाळला होता. नखावर दोन खाचा होत्या. मोजायची गरज नव्हती.

एक ‘नाही’ म्हटलं, की वहीत एक शब्द पडणार होता. मग दोन खोल्या, नदीची खिडकी. मग वरच्या त्या फळीवर कुणी काही ठेवणार नव्हतं. आणि भुसा पडतच राहणार होता, कुठल्यातरी छतातून, कुणाच्यातरी गालावर. कदाचित या घराच्या छतातून नाहीच. खाली न उतरणाऱ्यालाही भूक लागली की वाट सापडते. आणि जे ठेवून दिलेलं असतं, ते कुठं आहे, हे ठेवणारा विसरत नाही.

“काय गं?” सासूबाई म्हणाल्या. “बोल ना. खाल्लं का माझ्या पोरीनं?”

धाकट्यानं डोळे मिटले. सासऱ्यांनी पेन कागदावर टेकवलं.

“खाल्लं,” सूनबाई म्हणाली. “तिन्ही दिवस खाल्लं. आणि आई, आजपासून अर्धं-पाव काही नको. पोटभर वाढा. दोघांना पुरेल एवढं.”